तास पुरेसे होते: पहिल्या वर्षातलं एक प्रकरण

पहिल्या सत्राच्या मधल्या परीक्षेचा निकाल लागला की मार्गदर्शक शिक्षकांच्या दाराशी गर्दी होते. त्यातल्या बहुतेकांना आपलं काय चुकलं ते पक्कं ठाऊक असतं. लेक्चरला गेलो नाही, पुस्तक उघडलं नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स गोळा करत बसलो. यांच्याशी बोलणं सोपं जातं. अवघड जातात ते सगळं मनापासून करूनही आपटलेले.

हे प्रकरण अशाच एका विद्यार्थिनीचं आहे. विज्ञान शाखा, पदवीचं पहिलं वर्ष, घर सोडून हॉस्टेलवर राहण्याची पहिलीच वेळ. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत ती कायम पहिल्या तिघांत असायची. इथे मात्र गणितात 30 पैकी 11, रसायनशास्त्रात 13, भौतिकशास्त्रात 15 आणि प्रोग्रामिंगमध्ये 24. हजेरी जवळजवळ पूर्ण. बसल्या बसल्या तिचं पहिलंच वाक्य होतं, "मॅडम, शाखा बदलायचा फॉर्म कुठे मिळतो?"

तिच्या अपयशाची कारणं तोवर तिघांनी तिघांच्या परीने ठरवून टाकली होती. वडिलांच्या मते मोबाइल. वर्गशिक्षकांच्या मते 'वर्गात बसते, पण लक्ष नसतं'. तिच्या स्वतःच्या मते आपली तेवढी कुवतच नाही, शाळेतले गुण म्हणजे नशीब होतं. तिन्ही निदानं अशी की एकदा मान्य केली की पुढे विचार करायला नको. म्हणूनच ती इतक्या पटकन सुचतात, असं मला नेहमी वाटतं.

मला त्या गुणपत्रिकेत खटकत होता तो 24 चा आकडा. मोबाइल जर खलनायक असता, तर त्याने प्रोग्रामिंगला एकट्यालाच का सोडलं असतं? कुवत नसेल तर ती तिथेही दिसायला हवी होती. शिवाय प्रोग्रामिंग ती शाळेत शिकलेलीच नव्हती. सुरुवातीला वर्गातली निम्मी मुलं तिच्या पुढे होती, तरीही तिचे गुण वर्गाच्या सरासरीहून बरेच वर होते.

म्हणून फॉर्मचा विषय बाजूला ठेवून तिला एक काम दिलं. आठवडाभर अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवायची. सुधारायचं काही नाही, लपवायचं काही नाही, फक्त लिहायचं. सुरुवातीला ती थोडी फुरंगटली ("म्हणजे माझ्यावर विश्वास नाही का?"), पण नोंद मात्र प्रामाणिकपणे आणली.

नोंदवहीत काय निघालं

लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून आठवड्याला 23 तास. लेक्चरांच्या मधले रिकामे तास एकूण 9. अभ्यास सगळा रात्री: साडेनऊला टेबलाशी बसायचं आणि दीड वाजता उठायचं, आठवड्यातून पाच रात्री. म्हणजे आणखी 20 तास. शनिवार-रविवार कपडे, झोप, घरी फोन आणि 'सोमवारपासून नीट' या संकल्पात जायचा.

हे तास कमी आहेत का? युरोपातल्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत पूर्ण वर्षाचे 60 श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकाला 25 ते 30 तासांचं काम, वर्गातलं आणि वर्गाबाहेरचं मिळून. वर्षाला 1500 ते 1800 तास झाले. चाळीस आठवड्यांवर पसरले तर आठवड्याला साधारण 38 ते 45. तिचे 23 आणि 20 मिळून 43 होत होते. या हिशेबाने ती चोख होती, आणि घरून रोज येणारा 'अजून थोडा वेळ दे अभ्यासाला' हा सल्ला त्यामुळेच निरुपयोगी होता. द्यायला वेळ उरलाच नव्हता.

मग त्या 20 तासांच्या आत काय होतं ते दोघींनी मिळून उलगडलं. प्रॅक्टिकलचं जर्नल आणि वर्गातल्या नोट्स दुसऱ्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढणं: 9 तास. रूममेट, तिच्या मैत्रिणी, मोबाइल, 'जरा पाणी भरून येते': 5. लिहिलेलं पुन्हा वाचणं: 4. स्वतः गणित सोडवणं, उत्तर न पाहता काही लिहून बघणं: 2. आणि त्या 2 तासांपैकी बहुतेक वेळ प्रोग्रामिंगचा होता.

मोबाइलबद्दल वडील अगदीच चुकीचे नव्हते. पण तो 5 तासांतलाही एक हिस्सा होता. मोठी गळती होती ती दिसायला सगळ्यांत अभ्यासू वाटणाऱ्या 9 तासांत. ती सुवाच्य वही कुणाच्याही आईवडिलांनी कौतुकाने पाहावी अशी होती: शीर्षकं निळ्या शाईत, व्याख्या चौकटीत, महत्त्वाचं ते पिवळ्या हायलायटरने, अतिमहत्त्वाचं गुलाबी. काही पानांवर गुलाबी इतका होता की उरलेलंच उठून दिसत होतं.

मी तिच्या तुकडीला शिकवत नाही, पण विषय माझा गणितच. त्या वहीतलं सीमेच्या (लिमिटच्या) व्याख्येचं पान उघडलं, तिला एकदा वाचायला सांगितलं, वही मिटली आणि कोरा कागद पुढे केला. तिने न अडखळता लिहायला घेतलं: 'असा एक डेल्टा असतो की प्रत्येक एप्सिलॉनसाठी...' वहीत होतं ते उलट. प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा मिळतो. एप्सिलॉन म्हणजे फलनाच्या (फंक्शनच्या) किमतीत चालेल एवढा फरक, डेल्टा म्हणजे त्यासाठी बिंदूच्या किती जवळ राहायचं ते अंतर. आधी एप्सिलॉन समोरच्याने द्यायचा, मग त्याला पुरेल असा डेल्टा आपण शोधायचा. शब्द तेच, क्रम फिरला, की व्याख्या पार कोसळते. एकच डेल्टा जर सगळ्या एप्सिलॉनना पुरायचा असेल, तर त्या बिंदूभोवती फलन सपाटच असायला हवं. म्हणजे अगदी साध्या तिरप्या रेषेलाही सीमा नाही असं म्हणायची पाळी येईल.

तिने दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. "पण मी हे पान दहा वेळा तरी वाचलंय," म्हणाली. वाचलं असणारच. वाचताना क्रम डोळ्यांपुढे बरोबरच असतो, त्यामुळे आपण तो उलटा धरून बसलोय हे कळायला वावच नसतो.

प्रोग्रामिंगचं कोडं इथे सुटलं. तिथे पुन्हा वाचून भागत नाही. प्रोग्राम चालवावा लागतो, आणि चुकला तर यंत्र तिथल्या तिथे सांगतं, तेही ओळ क्रमांकासकट. तो आला की नाही हे 'वाटण्या'वर राहतच नाही. चार तास वाचून समजल्याचं समाधान मिळवायची सोय बाकीच्या तीन विषयांत होती, प्रोग्रामिंगमध्ये नव्हती. तिच्यात काही कमी असेल तर ती एवढीच: परीक्षेच्या आधी 'चूक' असं सांगणारं तिला कुणी भेटत नव्हतं. शाळेत ते काम रोजचा गृहपाठ, फळ्याशी उभं करणारे शिक्षक, आठवड्याच्या चाचण्या करत होत्या. कॉलेजने हे सगळं एका झटक्यात काढून घेतलं आणि त्याला स्वातंत्र्य असं नाव दिलं.

वाचलेलं येतं असं का वाटतं

तिला मी एका प्रयोगाचे आकडे दाखवले. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग कॉलेजातल्याच विद्यार्थ्यांवर होता. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं, असं तीन वेळा. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारा गट पुढे होता, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने मात्र वाचणारे 40 टक्क्यांवर घसरले आणि लिहून काढणारे 61 वर राहिले. गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाचणाऱ्या गटालाच वाटत होतं.

"म्हणजे वाचून झाल्यावर पाच मिनिटांनी परीक्षा असती, तर मी पहिली आले असते," ती म्हणाली. त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

ती काही जगावेगळी नव्हती. कार्पिकी आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 177 विद्यार्थ्यांना त्यांच्या अभ्यासाच्या पद्धती विचारल्या, तेव्हा 84 टक्क्यांनी पुन्हा वाचणं सांगितलं आणि न बघता आठवून पाहणं सांगणारे 11 टक्केच निघाले. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांच्या 2013 च्या आढाव्यात अभ्यासाच्या दहा पद्धती तोलल्या होत्या. त्यात हायलायटर आणि पुनर्वाचन खालच्या रांगेत, स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरवणं सर्वांत वर. हे ऐकून तिने हायलायटर लगेच टाकून दिले असं काही झालं नाही. गुलाबी तेवढा सोडला.

रिकामे तास आणि ग्रुप

आता प्रश्न होता, आठवून लिहायचं कधी? रात्रीचे तास नावालाच तिचे होते. साडेदहाला रूममेटच्या मैत्रिणी यायच्या, आणि त्यांना 'जा' म्हणणं नव्या हॉस्टेलात कुणालाच जमत नाही. उरले दिवसातले ते 9 रिकामे तास.

तिथे काय चालायचं हे नोंदवहीत एका शब्दात होतं: 'ग्रुप'. पाच-सहा जणींचा हा घोळका पहिल्या आठवड्यात जमला होता. लेक्चर सुटलं की जिन्यावर, नाहीतर मागच्या मोकळ्या वर्गात. एकजण उठली की सगळ्या उठणार. मी सहज विचारलं, की एखादा तास तू लायब्ररीत गेलीस तर? तिचा चेहरा पडला. "मग त्या पुढचे बेत मला न विचारताच ठरवतील."

असं काही ऐकलं की मोठी माणसं हसण्यावारी नेतात. मला ते पटत नाही. नवीन जागी, घरापासून लांब, अठराव्या वर्षी ओळखीची पाच माणसं मिळवणं हेही पहिल्या सत्राचं कामच आहे, आणि ते काम जिन्यावरच होतं. ते 9 तास वाया जात होते असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. त्यातले दोन मागितले. गणिताच्या लेक्चरनंतर आठवड्यातून दोनदा जो रिकामा तास यायचा, तो. त्यातलीही सुरुवातीची पंचवीस मिनिटं, मग जिना आहेच.

पद्धत अगदी साधी. वही न उघडता कोऱ्या कागदावर आत्ताच्या लेक्चरमधलं आठवेल ते लिहायचं, वर्गात झालेलं एक उदाहरण पहिल्या ओळीपासून सोडवायचं, मग वही उघडून चुका लाल पेनाने दुरुस्त करायच्या. जिथे अडलं तिथे एक प्रश्न लिहून ठेवायचा. जर्नल मात्र पूर्ण करायचंच, ते चुकवता येत नाही. वर्गातल्या नोट्स दुसऱ्या वहीत उतरवून काढणं बंद.

पहिल्या आठवड्यानंतर ती वैतागून आली. कागद अर्धा कोरा राहतो, लाल शाईच जास्त होते, आधी निदान 'येतं' असं तरी वाटायचं. या टप्प्यावर बरीच मुलं सोडून देतात, कारण जुनी पद्धत मनाला सुख देते आणि नवी पद्धत तेवढा वेळ तरी फक्त अपमान करते. ती टिकली ती माझ्या समजावण्यामुळे नव्हे. तिच्या लक्षात आलं की प्रोग्राम पहिल्यांदा चालवल्यावरही असाच लाल मजकूर येतो, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. ही तुलना तिने स्वतः केली. माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा त्या तुलनेनेच जास्त काम केलं.

लिहून ठेवलेल्या प्रश्नांचं काय? शिक्षकांना भेटायची वेळ दारावर लावलेली असते, पण ती एकदाही गेली नव्हती. "बाकी कुणीच विचारत नाही, म्हणजे सगळ्यांना कळलेलं असतं." डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांनी 1987 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. मुद्दाम न समजणारा लेख वाचायला दिलेले विद्यार्थी मदत मागायला उठले नाहीत. स्वतः गप्प राहिलो ते संकोचाने हे प्रत्येकाला माहीत होतं, इतर मात्र कळलंय म्हणून गप्प आहेत असं प्रत्येकाने धरलं. तिचा वर्ग याहून वेगळा नसावा. एप्सिलॉन-डेल्टाचा प्रश्न घेऊन ती एकदाची गेली, ती एकटी नको म्हणून ग्रुपमधल्या दोघींना ओढून घेऊन. बाहेर पडल्यावर त्या दोघींनी कबूल केलं की त्यांनाही ते कधीच कळलं नव्हतं.

इथून प्रकरणाला आम्ही न आखलेलं वळण मिळालं. त्या दोघी कोऱ्या कागदाच्या तासाला येऊन बसायला लागल्या. ग्रुप सुटेल या भीतीवर ग्रुपच उपाय निघाला. दोन आठवडे हे छान चाललं, मग पंचवीस मिनिटांतली पंधरा गप्पांत जायला लागली. तेव्हा तिने नियम केला: कागद भरेपर्यंत बोलायचं नाही. तो कधी पाळला जायचा, कधी नाही.

जे जमलं नाही

झोप. नोंदीप्रमाणे ती दोनच्या सुमाराला झोपायची आणि पावणेआठला उठायची, रविवारी अकराला. या वयाच्या मुलांना साधारण सात ते नऊ तास लागतात, ती सहाच्याही आत होती. उशिरा झोप येणं हा निव्वळ वात्रटपणा नसतो. टिल रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवलं आहे, की झोपेची वेळ किशोरवयात पुढे सरकत जाते, विशीच्या आसपास सर्वांत उशिराची होते आणि मग मागे फिरते. म्हणून 'दहाला झोप' असा सल्ला मी दिला नाही. रविवारी नऊला उठ, एवढंच सुचवलं. कधी जमलं, कधी नाही. खोली दोघींची आणि दिवा एकच, तिथे एकटीची शिस्त किती पुरणार? वॉर्डनशी बोलून खोली बदलून घ्यायला ती तयार नव्हती, आणि मी आग्रह धरला नाही.

असाइनमेंटचंही तसंच. 'एका रात्रीत होईल' हा तिचा अंदाज प्रत्येक वेळी चुकायचा. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो कधी पुरा होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज 33.9 दिवसांचा होता, प्रत्यक्षात 55.5 लागले. सगळं वाईटात वाईट गेलं तर किती लागतील, असं विचारल्यावरही ते 48.6 च म्हणाले होते. तिला हे पटलं, मजाही वाटली, आणि पुढची असाइनमेंट तिने पुन्हा आदल्या रात्रीच केली.

सत्राचा निकाल

गणित 100 पैकी 58, भौतिकशास्त्र 55, रसायनशास्त्र 41, प्रोग्रामिंग 71. म्हणजे गणित टक्केवारीत 37 वरून 58 वर गेलं, रसायन 43 वरून दोन पावलं मागे आलं, आणि प्रोग्रामिंगही 80 वरून खाली घसरलं.

गणितातली वाढ कोऱ्या कागदामुळेच झाली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. विद्यार्थिनी एक, तुलनेला कुणी नाही. सत्राच्या शेवटी बरीच मुलं तशीही रुळलेली असतात आणि दोन परीक्षांची काठिण्यपातळी सारखी नसते. पण रसायनशास्त्राचा निकाल माझ्या दृष्टीने बोलका आहे. त्या विषयाचं लेक्चर दिवसातलं शेवटचं असायचं. त्यानंतर रिकामा तास नव्हता, सरळ हॉस्टेल. अभिक्रिया न बघता लिहून काढायचं तिने ठरवलं होतं, पण त्याला दिवसात जागाच मिळाली नाही आणि सगळं परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात कोंबलं गेलं. पद्धत तीच, हुरूप तोच, वेळापत्रकात खुंटी नव्हती. प्रोग्रामिंगची घसरण तिने स्वतःच समजावली. तो विषय 'येतोच आहे' म्हणून शेवटचा महिना तिने एकही नवीन प्रोग्राम लिहिला नव्हता, फक्त जुने वाचले होते.

दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक लागलं आहे. सकाळी सलग चार लेक्चर, मध्ये एकही रिकामा तास नाही, दुपारी आठवड्यातून तीनदा प्रॅक्टिकल. जिन्यावरचा ग्रुप आपोआप पांगलाय, आणि मोकळ्या दुपारी खोलीवर गेलं की झोप लागते अशी तिची तक्रार आहे. सध्या ठरलंय ते असं: शेवटचं लेक्चर संपल्यावर खोलीवर जायच्या आधी त्याच वर्गात थांबायचं, आणि कागदाची सुरुवात रसायनापासून करायची. त्या दोघींपैकी एक थांबणार आहे. दुसरीने शाखा बदलायचा फॉर्म भरला आहे, आणि तिच्यासाठी मला ते योग्य वाटतं. हिनेही फॉर्म आणून ठेवलाय, भरलेला नाही. मुदत पुढच्या महिन्यापर्यंत आहे.